सकाळी समुद्र होता

दोंडाईच्यात मला खोली मिळाली ती समुद्रामुळे.

ऐंशीच्या पुढची ती वर्षं. हायस्कूलात नुकती नोकरी लागली होती आणि एकट्या पुरुषाला खोली द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. फिरत फिरत स्टेशनाकडच्या एका मिरचीच्या वखारीपाशी आलो. वखारीच्या मागे मालकांचं घर आणि घराला लागून एक रिकामी खोली. मालक बाहेर खाटेवर बसले होते. एकेक लाल मिरची उचलायची, कानाशी धरून हलवायची, आत बी वाजलं की उजवीकडे टाकायची, नाही वाजलं की डावीकडे. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नाना म्हणालो. त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, फक्त गाव विचारलं. मी देवगडकडचा म्हटल्यावर हातातली मिरची खाली ठेवली.

‘‘तठे समुद्र शे ना? तुम्ही दखं का?’’

घराच्या मागेच आहे, असं मी सांगितलं. खारा असतो म्हणतात ते खरं का, स्वतः चाखलाय का, हेही त्यांनी विचारून घेतलं. लहानपणी पोहताना पुष्कळदा पोटात गेलाय म्हटल्यावर आत हाक मारून बायकोला, म्हणजे अक्कांना, चहा ठेवायला सांगितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याआधी आलेल्या एका बँकेतल्या माणसाला त्यांनी परत पाठवलं होतं, हे मला मागून कळलं. तो अजिंठ्याच्या लेण्यांबद्दल बराच वेळ रंगून बोलला आणि शेवटी त्याने अजिंठा पाहिलेलाच नाही असं निघालं.

‘तू दखं का?’ हा नानांचा प्रश्न गावात सगळ्यांना पाठ होता. तू पाहिलंस का? पेपरात आलंय म्हणा, रेडिओवर सांगितलं म्हणा, मामलेदार स्वतः म्हणाले म्हणा, नाना हाच प्रश्न विचारत. समोरचा नाही म्हणाला की ते मान हलवून दुसरा विषय काढत. आणि हा नियम दुसऱ्याला एक, स्वतःला एक असा नव्हता. अक्का घरात आहेत का, असं विचारलं तर ते ‘‘मघा चुल्हापुढे व्हती’’ म्हणत. आहे असं म्हणायला त्यांना उठून बघावं लागे, आणि पुष्कळदा ते खरोखरच उठत. साखर आहे का, म्हटलं की डबा उघडून बघितल्याशिवाय हो म्हणत नसत. अक्कांचा या स्वभावाने जीव मेटाकुटीला येई. माहेरहून भाऊ आजारी असल्याचा निरोप आला तेव्हाही नानांनी निरोप्याला तोच प्रश्न विचारला होता, हे त्या कधीच विसरल्या नव्हत्या. चाळीस भाकऱ्या थापून झाल्या तरी या माणसाला पीठ दळलं की नाही याची खात्री नसते, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

पण याच खोडीमुळे नानांच्या शब्दाला मोल होतं. एकदा त्यांच्या सख्ख्या पुतण्याचा बांधावरून खटला होता. शेजाऱ्याने बांध फोडला अशी तक्रार, आणि साक्षीदार नाना. धुळ्याच्या कोर्टात वकिलाने विचारलं, बांध कोणी फोडला? नाना म्हणाले, ‘‘फुटेल बांध मी दखा. फोडनारा नही दखा.’’ फुटलेला बांध पाहिलात, मग फोडला कोणी असेल, असं वकिलाने पुन्हा विचारलं, तर म्हणाले की ते तुम्ही सांगा, तुम्ही वकील आहात. पुतण्या खटला हरला आणि बरीच वर्षं नानांच्या दारात आला नाही. पण तेव्हापासून आसपासच्या खेड्यांत बांधाचं, वाटेचं, विहिरीचं भांडण झालं की दोन्ही बाजू नानांना पंच म्हणून बोलवायच्या. नाना येऊन बघत, जेवढं दिसलं तेवढं सांगत आणि चहा पिऊन परत येत. मिरचीच्या धंद्यात त्यांनी काय कमावलं मला ठाऊक नाही. ही कमाई मात्र त्यांना फार प्रिय होती. कोणी बोलवायला आलं की धुतलेली टोपी घालून ते अगदी नवरदेवासारखे निघायचे.

अशा माणसाच्या नशिबात फ्रान्स यावा, हे मला अजूनही उलगडलेलं नाही.

झालं ते असं. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमधून एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाला लोकांनी आमच्या स्टेशनात उतरवलं. अजिंठ्याला निघाला होता. वाटेत काहीतरी खाल्लं आणि पोट धरून आडवा झाला. फलाटावर घोळका जमला. कोणी म्हणे गांजा प्यायलाय, कोणी म्हणे पटकी आहे, हात लावू नका. नाना मिरचीची पोती चढवायला स्टेशनात आलेले. त्यांनी एकेकाला विचारलं, गांजा पिताना पाहिलं का? कोणीही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पोत्यांच्या हातगाडीवर म्हाताऱ्याला घातलं आणि घरी आणलं.

वाचवलं ते अक्कांनी. आधी नुसतं ताक, मग मऊ भात, मग ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा. म्हातारा फ्रान्सचा होता, एवढं मी पासपोर्टावरून सांगितलं. त्याला इंग्रजी माझ्याहून कमी येत होतं आणि मराठी अर्थातच नाही. हिंडू-फिरू लागल्यावर तो नानांच्या खाटेवर बसून मिरच्या कानाशी हलवायला शिकला. बोलणं असं काही नाही. दोघं आपले मिरच्या हलवत बसलेले. निघायच्या आदल्या दिवशी त्याने ओसरीवर खडूने एक चित्र काढलं. दगडी तट, तटाच्या आत दाटीवाटीने उंच घरं, तटाला चहूकडून पाणी आणि पाण्यात शिडाची होडी. होडीवर बोट ठेवून मग ते स्वतःच्या छातीवर ठेवलं. अक्का बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. ‘‘पानीमा गाव,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढे कित्येक दिवस झाडताना ते चित्र तेवढं चुकवून झाडायच्या.

दोनेक वर्षांनी त्याचं पत्र आलं. त्याच्या भाचीने इंग्रजीत लिहिलेलं, म्हणून मला वाचता आलं. दोघांनी या, सगळी व्यवस्था केली आहे, माझी होडी तुमची वाट बघते आहे. गाव सेंट मालो, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं. अक्का मला म्हणाल्या, त्याला ताक मी पाजलं, मी तर जाणारच. खरोखर तयारीला लागल्या. पासपोर्टासाठी दोघांचे फोटो काढले. अक्कांच्या फोटोत त्यांचा डोळा मिटला म्हणून पुन्हा काढला. पण पावसाळ्यात थोरली लेक बाळंतपणाला आली, तिची तब्येत नाजूक, आणि अक्कांनी आपणहून राहायचं ठरवलं. रडल्या नाहीत. फक्त देवघरातला तांब्याचा गडू नानांच्या पिशवीत घातला. त्यांच्या घराची रीत अशी की तीर्थाला जाणाऱ्याने तिथलं पाणी गडूत भरून, तोंड बंद करून आणायचं आणि घरी गंगापूजन करून चारचौघांसमोर तो उघडायचा. काशीची ती गोष्ट, समुद्राचं कसलं तीर्थ, असं नाना म्हणाले. अक्का म्हणाल्या, ‘‘जे पानी मी दखनार नही, ते आना.’’

नाना गेले आणि पोळ्याला घरी नव्हते. बैलांची पूजा अक्कांनी एकट्याने केली. पुरणपोळी भरवताना आरतीचं ताट मी धरलं होतं, कारण लेकीला उठवत नव्हतं.

परत आले तेव्हा अर्धं गाव ओसरीवर जमलं. मी शाळेतून सुटून धावतच आलो. लोकांनी विमानाचं विचारलं. नाना म्हणाले, खिडकी दुसऱ्याकडे होती, मी काही पाहिलं नाही. पॅरिसचं विचारलं. तिथून रात्री गेलो, अंधार होता, काही पाहिलं नाही. तो प्रसिद्ध मनोरा तरी? नाही. दुकानं, बायका, राजवाडे? त्या गावात दगडी भिंत होती, ती पाहिली. मग एवढ्या लांब जाऊन पाहिलं तरी काय, असं शेवटी कोणीतरी चिडून विचारलं.

‘‘सकायले समुद्र व्हता,’’ नाना म्हणाले. ‘‘दुपारले नव्हता. संध्याकायले परत उना.’’

मग मागून एक जण म्हणाला, ‘‘नाना, कोनी दखं?’’ आणि सगळे हसले. इतक्या वर्षांचं उट्टं एका वाक्यात निघालं होतं.

ती हकीगत पुढे मी नानांकडून इतक्या वेळा ऐकली की माझ्या आठवणीत ती त्यांच्या आवाजातच आहे. सकाळी म्हाताऱ्याने त्यांना तटाबाहेरच्या धक्क्यावर नेलं. पाणी धक्क्याच्या काठाशी लागलेलं, इतकं की होडीत पाऊल टाकायला वाकावंसुद्धा लागलं नाही. धोतर, टोपी आणि वर म्हाताऱ्याचा पिवळा रेनकोट अशा अवतारात नाना बसले. शीड उघडलं आणि होडी तटाच्या कडेकडेने निघाली. गाव बघायचं तर असं बाहेरून बघावं, असं त्यांना वाटलं; आतली सगळी घरं तटावरून डोकी काढून होडीकडे बघत होती. तटाच्या खालच्या दगडांवर हिरवं शेवाळ लाटांबरोबर वरखाली होत होतं. पुढे पाण्यात एक किल्ला, मग एक बोडकं बेट. म्हातारा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने दाखवी आणि नाना मान हलवत. वारा एका बाजूने आला की शीड दुसऱ्या बाजूला घ्यायचं. तेव्हा शिडाचा दांडा चुकवायला डोकं खाली घालायचं असतं हे नानांना पहिल्या खेपेस कळलं नाही. टोपी गेली ती गेलीच.

बेटापलीकडे म्हाताऱ्याने होडी थांबवली, नांगर टाकला, पाव आणि चीज काढलं. जेवता जेवता नानांना वाटलं, होडी खाली चाललीय. मघा समोर दिसणारे खडक आता वरून बघू लागले होते. मग होडीच्या बुडाला काहीतरी खरखरलं आणि ती हळूच एका अंगावर कलली. नानांनी खाली बघितलं तर वाळू. पाणी लांब पळत चाललेलं. ज्या किल्ल्याला सकाळी होडीने वळसा घातला, त्याच्याकडे आता बायका-पोरं चपला हातात घेऊन चालत जात होती.

नाना घाबरले. समुद्र आटला, असं त्यांना वाटलं, आणि तोही आपण आलो त्याच दिवशी. म्हातारा मात्र कललेल्या होडीत पाय ताणून पाइप ओढत होता. नानांनी खूण करून विचारलं, पाणी कुठे गेलं? त्याने लांब हात केला. परत येईल का? त्याने मान डोलावली. कशावरून, हे खुणेने कसं विचारायचं ते नानांना येईना. शेवटी ते खाली उतरले आणि समुद्राच्या तळावरून अनवाणी चालले. मला ते प्रत्येक वेळी इथे थांबून सांगत, की सर, डोक्यावर जिथे पाणी होतं तिथे वारा होता. त्या दिवशी घरी पोळा आहे, हे त्यांना तिथे आठवलं. बैलांच्या सणाला आपण समुद्राच्या बुडाशी उभे आहोत, हे कोणाला सांगून पटेल, असा विचार तेव्हाच मनात आला होता म्हणे.

संध्याकाळी पाणी आलं. आधी वाळूवर नुसती चमक, मग पावलं बुडाली, मग म्हातारा हाक मारू लागला. होडी सरळ झाली, उचलली गेली, आणि काही घडलंच नाही अशी चालू लागली. तेव्हा नानांना गडू आठवला. ते काठावरून वाकले आणि म्हाताऱ्याने मागून त्यांचं धोतर धरून ठेवलं. गडू भरला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, हे नाना न विसरता सांगत. घरी गेल्यावर म्हाताऱ्याने मेणबत्ती वितळवून गडूचं तोंड बंद करून दिलं.

हे ऐकून गाव निवाड्यासाठी माझ्याकडे आलं. मी समुद्राकडचा ना. पानाच्या टपरीवर मला उभं करून विचारलं, सर, असा समुद्र जातो का? मी सांगितलं की भरती-ओहोटी असते, अमावास्येला उधाण असतं, आमच्या खाडीतल्या होड्याही ओहोटीला चिखलात बसतात. पण नाना सांगत होते ते तीन-चार मजले उंच पाणी होतं. आमच्याकडे एवढं जात नाही. मी पाहिलेलं नाही. खोटं असेल असं मला वाटेना, खरं असेल असंही डोळ्यांपुढे येईना. नाना टपरीच्या कडेला उभे होते. त्यांनी मान हलवली. ‘‘बरोबर शे. तुम्ही नही दखं,’’ ते म्हणाले, आणि घरी गेले. त्यांच्या जागी मी असतो तर रागावलो असतो. त्यांना मात्र मी नियमाने वागलो याचं बरं वाटलं की वाईट, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. दिवाळीनंतर जवळच्या एका खेड्यात दोन भावांमध्ये विहिरीच्या वाटेचं भांडण झालं. असल्या भांडणात नाना ठरलेले. निरोप येईल म्हणून त्यांनी टोपी धुऊन ठेवली. निरोप आला नाही. दुसऱ्याच कोणाला तरी पंच नेल्याचं बाजारात कळलं. ज्याला समुद्र वाळलेला दिसतो, त्याला वाट कुठून दिसणार, असं धाकटा भाऊ म्हणाला होता. त्या दिवसानंतर नाना मिरच्या कानाशी हलवायचे आणि टाकायच्या कुठल्या बाजूला हे विसरायचे. मी स्वतः त्यांना एकच मिरची तीनदा वाजवून बघताना पाहिलं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने न पाहिलेलं कधी सांगितलं नाही, त्याने एकदा पाहिलेलं सांगितलं आणि तो फेकू ठरला.

घरातही काही वेगळं नव्हतं. नाना रोज संध्याकाळी अक्कांना ती गोष्ट नव्याने सांगायचे; आज तटाचा दगड आठवला, आज खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले. अक्का भाकरी थापता थापता ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, ‘‘मी नही दखं.’’ यात राग होता, थट्टा होती, का जायला मिळालं नाही त्याची हळहळ, हे भिंतीपलीकडून मला कधी ओळखता आलं नाही. नानांनाही येत नसावं. एकदा ते मला म्हणाले, सर, गाव गेलं उडत, पण हिला पटायला पाहिजे होतं. हिच्यासाठी तर मी एवढं डोळे फाडून बघत होतो.

लेक बाळाला घेऊन सासरी गेली, मिरचीचा हंगाम ओसरला, आणि माघात गंगापूजनाचा दिवस ठरला. समुद्राच्या पाण्याचं गंगापूजन कसं करायचं, म्हणून भटजी जरा अडखळले; मग सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात, म्हणजे गंगाही त्यात आलीच, असा त्यांनीच तोडगा काढला. अंगणात वरण-बट्टीचा बेत. गोवऱ्यांवर बट्ट्या भाजल्या जात होत्या, घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास स्टेशनापर्यंत गेला असेल. झाडून सगळे आले. पुतण्या आला, विहिरीचे दोघे भाऊ आले, टपरीवाले आले. जेवायला आले होते तसेच गंमत बघायलाही आले होते. नानांनी नवी टोपी घातली होती. आज गडू उघडेल आणि समुद्र सगळ्यांना दिसेल, एवढ्या आशेवर त्यांनी ते महिने काढले होते.

पूजा झाली. भटजींनी मेण खरवडलं आणि पाणी चांदीच्या वाटीत ओतलं.

पाणी हिरवं होतं. शेवाळासारखं नव्हे, निळसर, विषारी दिसणारं हिरवं. गडूच्या तोंडाशीही त्याच रंगाची बुरशी चढली होती.

‘‘मोरचूद,’’ विहिरीवाला धाकटा भाऊ म्हणाला. पिकावर फवारायचं ते मोरचूद तिथे सगळ्यांच्या ओळखीचं होतं. कुजबुज झाली. रंग करून आणलं, एवढं तरी करायला नको होतं. मग माणसं माझ्याकडे वळली. समुद्राचं पाणी हिरवं असतं का, सर? लांबून हिरवं दिसतं, ओंजळीत घेतलं की नसतं, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार? मीच चक्रावलो होतो.

नाना वाटीकडे बघत होते. आत्ता ते काहीही म्हणाले असते. तिथला समुद्र असाच असतो, असं म्हणाले असते तर खोडायला कोण जाणार होतं? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

‘‘मी भरं तवय हाई पानी हिरवं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘आते हिरवं शे. कसं व्हयनं, माले ठाऊक नही.’’

स्वतःच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार त्यांनी असा स्वतःच फोडला. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. आपण तिथे खरंच गेलो होतो का, असा संशय त्यांना त्या क्षणी आला असावा.

अक्का चुलीकडून आल्या. हाताला पीठ होतं ते पदराला पुसलं, वाटी उचलून नाकाशी नेली, करंगळी बुडवून जिभेला लावली आणि बाजूला थुंकल्या.

‘‘कयकनं,’’ त्या म्हणाल्या.

जमलेल्या बायकांच्या माना एकदम हलल्या. कळकणं काय ते त्यांना सांगावं लागत नाही. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार राहिलं तर ते असंच हिरवं पडतं. गंगेचं पाणी गोडं, तांब्यात वर्षभर राहिलं तरी बिघडत नाही. म्हणून गडू तांब्याचा. खारं पाणी आजवर त्यात कोणी भरलंच नव्हतं, तर त्याचं काय होतं हे कोणाला माहीत असणार? तांब्यात मिठाचं पाणी काल ओतलं तर आज असं होत नाही, अक्का म्हणाल्या, त्याला दिवस लागतात. आणि गडू आला त्या दिवसापासून माझ्या देवघरात आहे, मेणाला कोणी हात लावलेला नाही, हे मी रोज बघितलंय.

धाकटा भाऊ ऐकणारा नव्हता. मुंबईलाही समुद्र आहे, तो म्हणाला. खारं पाणी तिथेही मिळतं. फ्रान्स कशावरून, आणि समुद्र जाऊन परत आला हे कशावरून? अक्का, तुम्ही पाहिलं का?

प्रश्न नानांचाच होता. अक्कांनी वाटी खाली ठेवली.

‘‘मी नही दखं,’’ त्या म्हणाल्या. मग नानांकडे न बघता पुढे म्हणाल्या, ‘‘पन त्यासनी दखं. आते बठ्ठा जेवाले बसा.’’

सगळे जेवायला बसले. कोणाला काय पटलं, मला सांगता येणार नाही. बट्ट्या मात्र सगळ्यांनी तुपात बुडवून दोन-दोनदा घेतल्या. भटजींनी तुळस घातलेलं साधं पाणी तीर्थ म्हणून दिलं. नाना वाढायला फिरत होते आणि पंगतीत प्रत्येकाला हवं की नको, हे न विचारताच वाढत होते. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. अक्कांनी दुसऱ्या दिवशी गडू चिंचेने घासून लख्ख केला आणि देवघरात ठेवला. पुढे बांधा-वाटांची बोलावणी पुन्हा येऊ लागली, पहिल्याइतकी नाही, पण येऊ लागली. संध्याकाळची गोष्टही चालू राहिली. शेवटी ‘मी नही दखं’ मात्र भिंतीपलीकडून ऐकू येईनासं झालं.

माझी बदली जळगावला झाली. फ्रान्सच्या म्हाताऱ्याचं पत्र दर नाताळाला यायचं, आणि मग एका वर्षी आलं नाही, असं नानांनी कळवलं होतं. नंतर नानाही गेले. मी समाचाराला गेलो तेव्हा वखार दुसऱ्याला दिलेली होती, पण खाट होती तिथेच होती आणि अक्का तिच्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. माझ्या जुन्या खोलीत एक तरुण भाडेकरू आला होता. कसल्याशा सरकारी खात्यातला, बोलायला चटपटीत. आमचा चहा चालला असताना त्यानेच विषय काढला, की अक्का, ते तुमचं समुद्राचं सांगा ना सरांना.

अक्कांनी सांगितलं. तट, शीड, उडून गेलेली टोपी, कललेली होडी. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मात्र एका ठिकाणी काही नवीन होतं. समुद्राच्या तळावरून चालताना वाळू पायाला थंड लागत होती, असं त्या म्हणाल्या. हे नानांनी कधी सांगितल्याचं मला आठवेना.

‘‘पण अक्का,’’ भाडेकरू हसत म्हणाला, ‘‘हे तुम्ही स्वतः पाहिलं का?’’

अक्कांचे हात थांबले नाहीत. ‘‘दखं ना. आम्ही दोन्ही व्हतूत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सरसले इचारा. समुद्राकडला शेतस त्या.’’

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मला पोळ्याचा तो दिवस आठवला. दारातले रंगवलेले बैल, अक्कांच्या हातातली पुरणपोळी आणि माझ्या हातातलं आरतीचं ताट. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘दोघं होते.’’